वायनाडला ‘मिनी पाकिस्तान’ म्हणणाऱ्या काका-मामांना

निवडणूक आली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा उगवतो: ‘केरळातल्या वायनाडात पाकिस्तानचे झेंडे फडकतात, हिंदू तिथे नावालाच, म्हणूनच राहुल गांधींनी ती हमखास जागा निवडली.’ पाठवणारे माझेच काका-मामा आहेत, म्हणून नीट उत्तर देतोय.

झेंड्याचं आधी. मेसेजासोबत फिरणाऱ्या २०१९च्या व्हिडिओतला झेंडा इंडियन युनियन मुस्लिम लीग या केरळातल्या पक्षाचा आहे. पाकिस्तानच्या झेंड्याला काठीकडे पांढरा पट्टा असतो, लीगचा अख्खा हिरवा. या पक्षाचे सी. एच. मोहम्मद कोया १९७९मध्ये केरळचे मुख्यमंत्री होते. विषय संपला.

‘हिंदू नावालाच’? २०११च्या जनगणनेत वायनाड जिल्ह्यात हिंदू सुमारे ४९.५ टक्के, मुस्लिम २८.७, ख्रिश्चन २१.३. मतदारसंघ जिल्ह्यापेक्षा मोठा आहे. निलंबूर, वंडूर, एरनाड हे भाग मलप्पुरम जिल्ह्यातले आणि तिथे मुस्लिम वस्ती जास्त, हेही खरं. पण तेवढ्याने ती माणसं परकी कशी झाली?

आणि मेसेजात ज्यांचा पत्ताच नाही, ते आदिवासी? जिल्ह्यात ते साडेअठरा टक्के आहेत, अख्ख्या केरळात जेमतेम दीड. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या केरळातल्या दोन्ही विधानसभा जागा, मानंतवाडी आणि सुलतान बत्तेरी, इथल्याच. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या इथल्या पळश्शी राजाच्या बाजूने धनुष्यबाण घेऊन लढले ते इथले कुरिचिया आदिवासी. वायनाडला येणाऱ्या घाटाची नऊ वळणं चढून लक्किडीला पोचलं की रस्त्याकडेला साखळदंड बांधलेलं एक झाड लागतं. इंग्रजांना ही वाट करिंतंडन या पणिय जमातीतल्या आदिवासी तरुणाने दाखवली, श्रेय त्याला मिळू नये म्हणून त्यांनी त्याला मारलं आणि पुढे त्याचा आत्मा त्या साखळीत बांधला गेला, असं तिथले लोक सांगतात. हा माणूस कोणत्या ‘पाकिस्तान’चा?

‘हमखास जागा’ म्हणाल, तर २०१४मध्ये काँग्रेस इथून फक्त २०,८७० मतांनी जिंकली होती. २०१९मध्ये राहुल गांधी उभे राहिले आणि मताधिक्य चार लाखांच्या वर गेलं. पाच वर्षांत लोकसंख्येचा धर्म बदलला नव्हता.

तिथल्या माणसांची काळजी वेगळीच आहे: मिरीचा आणि कॉफीचा भाव, रानातून वस्तीत शिरणारे हत्ती, बंदीपूरच्या जंगलातून जाणारा आणि रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असणारा म्हैसूरचा रस्ता. ३० जुलै २०२४च्या पहाटे मुंडक्कै-चूरलमला या इथल्या गावांवर डोंगर कोसळला. ओळख न पटलेले मृतदेह जवळच्या पुत्तुमलात सर्व धर्मांच्या प्रार्थना म्हणून पुरले. त्या थडग्यांवर नावं नव्हती, नुसते नंबर होते.