प्लाझ्मा भिंतीला शिवत नाही म्हणे!

‘फ्युजन अणुभट्टीत १५ कोटी अंशांचा प्लाझ्मा चुंबकांच्या जोरावर अधांतरी तरंगतो. भिंतीला तो शिवतही नाही. शिवलाच, तरी टंगस्टन ३४२२ अंशांपर्यंत वितळत नाही. आणि किरणोत्सर्ग शून्य!’ हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. (फ्युजन म्हणजे हायड्रोजनची केंद्रकं जुळून हेलियम आणि न्यूट्रॉन तयार होणं; प्लाझ्मा म्हणजे इतका तापलेला वायू, की अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेले.) त्यातले दोन्ही आकडे बरोबर आहेत. त्यांवरून काढलेले निष्कर्ष मात्र चुकले आहेत.

‘शिवतही नाही’ हेच आधी घेऊ. फ्रान्समध्ये कादाराशला उभारल्या जात असलेल्या ‘ईटर’ या आंतरराष्ट्रीय प्रायोगिक फ्युजन भट्टीचं उद्दिष्ट आहे ५०० मेगावॉट. त्यातले सुमारे ४०० मेगावॉट न्यूट्रॉन घेऊन जातात. त्यांना विद्युतभार नसतो, त्यामुळे ते चुंबकाला जुमानत नाहीत, थेट भिंतीत घुसतात. उरलेले १०० हेलियमच्या केंद्रकांसोबत प्लाझ्मातच राहतात, वर प्लाझ्मा तापवायला बाहेरून ५० दिलेले. हे दीडशे मेगावॉट शेवटी भिंतीवरच येणार. दुसरी वाटच नाही. शिवाय हेलियम ही या चुलीची राख. ती काढली नाही तर जाळ धरत नाही. म्हणून तळाशी डायव्हर्टर, म्हणजे राख आणि उष्णता बाहेर काढणारा भाग, बसवतात आणि कडेचा प्लाझ्मा मुद्दाम तिथे नेऊन आपटवतात! निऑनसारखा वायू सोडून बरीचशी उष्णता वाटेतच प्रकाशरूपाने उधळली, तरी दर चौरस मीटरला १० मेगावॉटचा मारा सोसायची तयारी ठेवावी लागते. सूर्याच्या पृष्ठभागावर हाच आकडा ६३ च्या आसपास आहे.

(याच्या उलट, ‘१५ कोटी अंशांत काहीही टिकणार नाही, सगळी थाप आहे’ म्हणणारेही भेटतात. फुलबाजीची ठिणगी हातावर पडली तर काही होत नाही, तापलेली तार मात्र भाजते. तापमान किती यापेक्षा तापलेला पदार्थ किती हे महत्त्वाचं, आणि ईटरच्या अख्ख्या प्लाझ्मात इंधन ग्रॅमभरही नसेल.)

आता टंगस्टन. डायव्हर्टरमध्ये टंगस्टनच्या ठोकळ्यांतून तांब्याच्या मिश्रधातूची पाण्याची नळी जाते, आणि शुद्ध तांबं १०८५ अंशांनाच वितळतं. खुद्द टंगस्टनही वितळण्याच्या खूप आधी, हजार-बाराशेच्या वर फार काळ राहिलं, की ठिसूळ होऊ लागतं. हेलियमच्या माऱ्याने त्याच्यावर बुरशीसारखी नॅनोतंतूंची लव उगवते. पण खरी डोकेदुखी वेगळीच आहे: प्लाझ्मातल्या आयनांच्या (विद्युतभारित अणूंच्या) धडकेने भिंतीचे अणू सुटतात आणि प्लाझ्मात शिरतात. टंगस्टनच्या अणूत ७४ इलेक्ट्रॉन. इतक्या उष्णतेतही ते सगळे निघत नाहीत, आणि उरलेले सतत ऊर्जा बाहेर फेकत राहतात. लाखात काही अणू मिसळले तरी प्लाझ्मा थंडावू लागतो. म्हणजे भिंत शाबूत, चूल मात्र विझली.

मग हलका कार्बन का नको? इंग्लंडमधल्या ‘जेट’ या प्रायोगिक फ्युजन भट्टीत तोच होता. झिजलेला कार्बन हायड्रोजनशी संयोग पावून कोपऱ्याकोपऱ्यात साचायचा आणि ट्रिटियम (हायड्रोजनचं जड रूप) धरून ठेवायचा. महागडं, किरणोत्सारी इंधन भिंतीनेच गिळायचं! २०११ पासून तिथे बेरिलियम आणि टंगस्टनची भिंत आली. ईटरमध्येही पहिली भिंत आधी बेरिलियमची ठरली होती. पुढे तो बेत बदलून टंगस्टन घेतलं.

‘किरणोत्सर्ग शून्य’बद्दल थोडक्यात. युरेनियमच्या भट्टीसारखं हजारो वर्षं धगधगणारं जळालेलं इंधन इथे उरत नाही, हे खरं. पण १४ एमईव्ही (कणांच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जेचे वेगवान न्यूट्रॉन भिंतीलाच किरणोत्सारी करतात. दुरुस्तीला माणूस आत जाऊ शकत नाही, यंत्रमानव पाठवावे लागतात. हेच न्यूट्रॉन टंगस्टनचं हळूहळू ऱ्हेनियम आणि ऑस्मियम करतात. अशा माऱ्यात भिंतीचं साहित्य किती टिकतं, हे तपासण्यासाठी स्पेनमध्ये ग्रॅनाडाजवळ ‘इफ्मिफ-डोन्स’ हे खास केंद्र उभं राहत आहे.