द्राक्षं सोडा, भाऊसाहेब!

मणी अठरा एमएमचा झाला, शुगर भरली, पॅकहाऊसला नंबर लागला. छान. आता कॅलिपर खाली ठेवा आणि ऐका. युरोपात माल पाठवायचा तर आधी युरोपाची आवड कळली पाहिजे, भाऊसाहेब.

2010 साल आठवतंय? तुमच्या द्राक्षांत लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला आणि कंटेनर तिकडेच अडकले. किलोमागे मिलिग्रॅमचा बारीकसा तुकडा, पण साहेबांच्या नजरेतून सुटला नाही. आता बेल्जियमच्या अँटवर्प बंदराचा हिशेब घ्या. 2023 या एका वर्षात तिथे 116 टन कोकेन पकडलं. बहुतेक दक्षिण अमेरिकेचं, कितीतरी वेळा केळ्यांच्या खोक्यांआडून आलेलं. हे नुसतं पकडलेलं. जे सुटलं त्याचा रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे औषधांच्या अंशाचा दाखला, कुणी मागत नाही.

त्याआधी 2022 च्या अखेरीस बेल्जियममध्ये जप्त केलेलं कोकेन जाळायला भट्ट्या पुरेनात. साठलेला माल टोळ्याच लुटून नेतील, ही धास्ती वेगळी. आपल्याकडे कोल्ड स्टोरेजला जागा नाही म्हणून माल खराब होतो. त्यांची अडचण जरा वरच्या दर्जाची.

मजूर मिळत नाहीत, ही तुमची कायमची रड. हॉलंडच्या रॉटरडॅम बंदरात बघा, पोरं स्वतःहून येतात, काही तर शाळकरी वयाची. त्यांना डच भाषेत ‘उइटहालर’ म्हणतात, म्हणजे माल बाहेर काढणारे. बंदरात शिरायचं, एखाद्या रिकाम्या कंटेनरात दोन-चार दिवस दडायचं आणि कोकेनचा कंटेनर आला की पिशव्या काढून पळायचं. त्या दडायच्या कंटेनरला ‘हॉटेल’ म्हणतात. आत अंथरूण, पाव, पाण्याच्या बाटल्या, आणि रिकाम्या बाटल्यांचा उपयोग तुम्हीच ओळखा. 2022 पासून नुसतं घुसलं तरी वर्षभराच्या तुरुंगाची तरतूद आहे. वर्षाला वीस फुटी मापाने सव्वा कोटीहून जास्त कंटेनर हाताळणाऱ्या बंदरात पोरं ते गणित मांडूनच आत शिरत असतील.

बाजाराचा अंदाज कसा घ्यायचा? गटारातून. माणूस सर्वेक्षणात खोटं बोलेल, त्याची लघवी बोलत नाही. 2011 पासून तिकडे शहरोशहरीचं सांडपाणी तपासतात. बऱ्याच शहरांत शनिवार-रविवार आला की कोकेनचा आकडा चढतो. आपल्या अवकाळीचा अंदाज इतका बरोबर आला असता तर?

सरकारी धोरण मात्र हॉलंडचंच घ्यावं. कॉफीशॉपच्या पुढच्या दाराने गिऱ्हाइकाला पाच ग्रॅम गांजा दिला तर डोळेझाक, पण मागच्या दाराने तोच गांजा दुकानात आला तर गुन्हा. मग तो दुकानात उगवतो कुठून, हे विचारायचं नाही. अनेक दशकं असं निभावलं. शेवटी 2023 च्या डिसेंबरात ब्रेडा आणि टिलबर्ग इथे परवान्याने पिकवलेला गांजा विकण्याचा ‘प्रयोग’ सुरू झाला.

बंदीला तर घाबरूच नका. तालिबानने 2022 च्या एप्रिलात अफूवर बंदी घातली, पुढच्या वर्षी तिथली लागवड सुमारे 95 टक्क्यांनी घसरली. तोवर एस्टोनिया-लातवियात अफूसारखीच नशा देणारं नायटाझीन पोहोचलेलंच होतं. ते प्रयोगशाळेतलं, त्याला शेत नको की पाऊस नको. त्यातले काही प्रकार फेंटानिल या जहाल वेदनाशामकाहूनही जहाल. त्याने तिथे माणसं मेली, हे लिहिताना मस्करी जरा अडखळते.

स्वदेशीचा अभिमान असेल तर तीही सोय आहे. मेफेड्रोनच्या जातकुळीतल्या पावडरी युरोपात टनांनी उतरतात आणि त्यात मोठा वाटा भारतातून जाणाऱ्या मालाचा असतो. मेफेड्रोन म्हणजेच आपल्याकडचं एमडी. 2024 च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यातून ते शेकडो किलो जप्त केलं. ना ऑक्टोबर छाटणी, ना डाऊनी रोग, ना शेतमालाचं ग्लोबलगॅप सर्टिफिकेट.

बरं, तुमच्या मागच्या कंटेनरचं काय झालं? पनेटवरचं, म्हणजे द्राक्षाच्या लहान डब्यावरचं, लेबल तिरकं चिकटलं म्हणून अडवलाय म्हणे.