तांबडा पट्टा राहील, भेग मात्र बदलावी लागेल

स. न. वि. वि.

आपण तीन आक्षेप घेतले आहेत : माझ्या मॉडेल रेल्वेच्या घाटातला तांबडा पट्टा सह्याद्रीच्या काळ्या कातळात शोभत नाही, कातळ काळा हवा तिथे मी राखाडी रंगवला आहे, आणि पन्हाळ्याच्या पायथ्याला दगडाची कपची फुकट मिळत असताना प्लास्टरचा खटाटोप कशाला. चारही कड्यांवर एकच भेग दिसते, हे आपण केवळ कंसात लिहिले आहे. पण तोच मुद्दा सर्वांत खरा असल्याने सुरुवात तिथूनच करतो.

एका खडबडीत दगडावर लेटेक्सचे (द्रव रबराचे) थर देऊन मी एकच साचा केला आणि त्यातून काढलेले चारही तुकडे ओळीने बसवले, त्यामुळे डाव्या कोपऱ्यातून उतरून मध्येच दुभंगणारी ती भेग चार वेळा आली. ग्रॅनाइटच्या डोंगरात तुकडा हवा तसा फिरवून वेळ मारून नेता येते. आपल्याकडे लाव्ह्याचे थर आडवे असल्याने तिरका बसवलेला तुकडा डोंगरच कलंडल्यासारखा दिसतो. प्लास्टरवर बोटाचा ठसा उमटत नाही पण नखाने ओरखडा निघतो, त्या दहा-पंधरा मिनिटांत बोथट सुरीने प्रत्येक तुकड्याची भेग वेगळी कोरायला हवी होती. तो कंटाळा मला भोवला.

तांबड्या पट्ट्याबाबत मात्र मी मागे हटणार नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे प्रवाह एकावर एक पसरत गेले. दोन प्रवाहांमध्ये काळ लोटला की खालच्याचा पृष्ठभाग झिजून त्यातले लोह गंजायचे आणि नंतरचा तप्त प्रवाह तो भाजून काढायचा. भूशास्त्रज्ञ या थराला रेड बोल म्हणतात. माझा पट्टा एक सेंटिमीटरचा, म्हणजे १:८७ प्रमाणात ८७ सेंटिमीटरचा आहे, आणि ही जाडी मुळीच अवाजवी नाही. चूक निराळीच आहे : या थराची वरची कड ठळक असते, पण खालची हळूहळू कातळात विरत जाते, मी दोन्ही कडा पट्टीने आखल्यासारख्या ठेवल्या, आणि आपल्या डोळ्यांना बहुधा तेच खटकले असावे.

ताजा फुटलेला दगड काळा असतो, उन्हापावसात उघडा पडलेला करडा होत जातो. शिवाय खोलीतल्या ट्यूबलाइटखाली शुद्ध काळा रंग डांबरासारखा दिसतो. म्हणून काळ्यात रॉ अंबर हा मातकट तपकिरी रंग मिसळून, एका भागाला वीस भाग पाणी घालून मी तीन हात दिले आणि वर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट राखाडी ओढला. कोरे प्लास्टर रंग पिते व वाळल्यावर फिकट पडते, त्यामुळे तुटक्या तुकड्यावर आधी चाचणी घेणे बरे.

खऱ्या दगडाचे म्हणाल, तर बेसाल्ट, म्हणजे सह्याद्रीचा हा काळा कातळ, लिटरमागे तीन किलोच्या घरात भरतो, आणि माझा बोर्ड दर रविवारी पोटमाळ्यावरून उतरवावा लागतो. थर्माकोलवरचे सेंटिमीटरभर प्लास्टर, आत काथ्या, हे गणपतीच्या मूर्ती करणाऱ्यांकडे पाहून शिकलो. मूठभर कपचीत घाटाचे थर आणि सांधेही उतरत नाहीत. मात्र पायथ्याच्या दगडगोट्यांसाठी क्रशरवरची कच चाळून, पातळ फेव्हिकॉलने चिकटवणार आहे. तिथे आपलाच दगड वापरला जाईल.