ताई, अर्धं मान्य, अर्ध्यावर भांडण

ताई, तुमची कमेंट दोनदा वाचली. खेळणी काढायच्या मशीनवर, म्हणजे माझ्या थ्रीडी प्रिंटरवर, कोविडमध्ये फेस शील्ड काढायची, फोटो टाकायचे आणि नर्सेसना खोटा धीर द्यायचा, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही 2020 ला स्वतः वॉर्डात होता, त्यामुळे वाईट वाटलं तरी ऐकून घेतो.

प्रिंट केलेल्या वस्तूच्या थरांच्या फटीत घाण बसते हे तुमचं एकदम बरोबर. प्रिंटर वितळलेल्या प्लास्टिकचे 0.2 मिमीचे थर एकावर एक चढवत जातो, बोटाला गुळगुळीत लागलं तरी खाचा राहतातच, आणि ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) 121 डिग्रीला घालायचा तर प्रश्नच नाही कारण पीएलए हे प्लास्टिक 60 च्या आसपासच मऊ पडतं. हे मला कुणी शिकवलं नाही, एप्रिलमध्ये पहिले 40 बँड (शील्ड कपाळावर धरणारी पट्टी) पीएलएचे काढले, म्हापशाहून फोंड्याला द्यायला निघालो, वाटेत गाडी दुपारच्या उन्हात बंद करून ठेवली आणि परत येऊन बघतो तर अर्धे बँड कुरडईसारखे वाकडे. मग पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक वापरलं, ते जरा जास्त उष्णता सोसतं. पण पाऊस सुरू झाला आणि प्लास्टिकच्या तारेचा रोल दमट हवेत ओलावा ओढायला लागला, नोझलमधून चरचर आवाज आणि सगळीकडे शेवया! डब्यात सिलिका जेल घालून कसंबसं निभावलं.

पण 'खोटा धीर' मान्य नाही. मास्क आम्ही एकही काढला नाही, मागणारे खूप होते, काही जण रुसले पण. एन95 चं काम त्यातलं विद्युतभारित कापड करतं, 0.3 मायक्रॉनचे निदान 95 टक्के कण अडवायचे आणि वर तोंडाला कडेने घट्ट बसायला हवं, यातलं काहीच प्रिंटरला जमत नाही. इटलीत ब्रेशियाजवळ मार्च 2020 ला व्हेंचुरी व्हॉल्व्ह (पेशंटच्या ऑक्सिजनमध्ये हवा मिसळणारे) प्रिंट करून दिले होते, ते वाचून मलाही तसलं करायला सांगणारे भेटले. पेशंटचा श्वास ज्यातून जातो त्याला मी हात लावणार नाही म्हटलं. शील्ड फक्त शिंतोड्यांसाठी, आत मास्क हवाच, अशी चिठ्ठी प्रत्येक पिशवीत होती.

फॅक्टरीत का नाही दिलं म्हणता, तर मोल्डिंगवर बँड काही सेकंदांत पडतो, माझ्याकडे एकाला तीन तास, मध्येच लाईट गेली की तो फुकट. पण त्याचा डाय, म्हणजे साचा, बनायला आठवडे लागतात, आणि आम्ही मधल्या त्या आठवड्यांपुरतेच होतो. फॅक्टरीचा माल यायला लागला तसा मी प्रिंटर बंद केला.

आणि बँड कपाळाला काचायचा लिहिलंय ना, तो आमचा असेल तर सॉरी, पहिल्या लॉटला फोम मिळालाच नव्हता.