डिझेलला नव्हे, इंजिनाला पैसे द्या

शाळेच्या ग्रुपवर परवा एका मित्रानं लिहिलं, ‘कोकणातल्या मच्छीमारांना डिझेलवर परतावा मिळतोयच, आता नव्या इंजिनालाही सरकारनं पैसे द्यायचे म्हणे. फुकटचं दिलं की माणूस बिघडतो बघ भावा. अमेरिकेत असलं चालतंय का? तिथं ज्याचं त्यानं बघायचं, म्हणून तर ते पुढं गेले.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. कोल्हापुरातली माझीच माणसं, शिकलेली, बरं चाललेली. रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना.

अमेरिकेत असलं चालतं. इथं कॅलिफोर्नियात माझ्या घरापासून अर्ध्या तासावर पिलर पॉइंटचं मासेमारी बंदर आहे. क्रॅबचा सीझन उघडला की आम्ही शनिवारी तिथं जाऊन बोटीवरूनच घेतो. अशा बोटींची जुनी इंजिनं बदलायला कॅलिफोर्निया १९९८ पासून पैसे देते, कार्ल मॉयर प्रोग्रॅममधून. कायदा सांगतो त्याहून स्वच्छ इंजिन बसवा, खर्चाचा मोठा वाटा आम्ही उचलतो, असा तो व्यवहार आहे, आणि आमच्या भागात तो एअर डिस्ट्रिक्ट, म्हणजे हवेचं प्रदूषण बघणारी स्थानिक सरकारी संस्था, सांभाळते. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा डेरा, म्हणजे डिझेलचा धूर कमी करायचा कायदा, २००५ चा. त्यातून ईपीए, म्हणजे इथली केंद्रीय पर्यावरण संस्था, बोटीच्या नव्या डिझेल इंजिनाचा साधारण ४० टक्के खर्च देते, बाकीचे ६० मालकाचे. हे पैसे घेणाऱ्याला फुकट्या म्हटलेलं मी इथं एकदाही ऐकलं नाही.

कारण हे पैसे त्या मालकावर मेहरबानी म्हणून दिलेले नसतात. बोटीचं डिझेल इंजिन नीट ठेवलं तर तीस-चाळीस वर्षं चालतं. सरकार नव्या इंजिनांना कितीही कडक नियम लावो, पाण्यात चाललेल्या जुन्या इंजिनाला त्याचा पत्ताही लागत नाही. मालकाला ते बदलायची गरज वाटत नाही, कारण ते चालतंय. धूर मात्र खलाशाच्या छातीत जातो आणि बंदराला लागून राहणाऱ्या पोरांच्याही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये हा डिझेलचा धूर कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात घातला. हवा सगळ्यांची असेल तर ती सुधारायचा खर्च एकट्या मालकावर टाकणं मला पटत नाही.

एक अट मात्र पक्की. जुनं इंजिन मारायचं. त्याच्या ब्लॉकला, म्हणजे मुख्य ओतीव सांगाड्याला, तीन इंच बाय तीन इंच भोक पाडायचं आणि त्याचा पुरावा द्यायचा, त्याशिवाय पैसा हातात पडत नाही.

ही अट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पोटात कालवलं. वडिलांची कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिन दुरुस्तीची शेड होती. तिथं इंजिन कधी मरत नव्हतं. जून-जुलैत मासेमारी बंद असली की देवगड-मालवणकडून गगनबावड्याच्या घाटानं इंजिनं वर यायची, कुणाचं ऑइल खातंय, कुणाचं हेड तडकलंय. वडील लाइनर बदलायचे, क्रँक ग्राइंडिंगला द्यायचे, नोझल तपासायचे, आणि हंगाम उघडायच्या आत ते इंजिन परत समुद्रावर असायचं. ज्या इंजिनाला कंपनीनं सोडून दिलं त्याला कोल्हापूरचा मेस्त्री उभं करतो, हा आमच्या गावाचा अभिमान आहे, आणि माझं शिक्षण त्यावर झालं. चालत्या ब्लॉकला मुद्दाम भोक पाडायचं ही कल्पना मला आजही सोसत नाही.

तरी ती अट बरोबर आहे. ती नसेल तर बोटीतून निघालेलं इंजिन दुसऱ्या बोटीत जाईल, नाहीतर जनरेटरला, खडी क्रशरला. धूर एका गावातून दुसऱ्या गावात, आणि सरकारचे पैसे गेले ते गेलेच.

आता आपल्याकडचा परतावा बघा. मच्छीमारानं डिझेल पूर्ण किमतीत भरायचं आणि मग व्हॅटचे पैसे कधी येतात याची वाट बघायची. याला फुकटचं म्हणणाऱ्यानं एकदा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जाऊन मालकाला थकबाकीबद्दल विचारावं. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. हा पैसा लिटरला बांधलेला आहे. जुनं, डिझेल पिणारं इंजिन ज्याचं, त्याचा परतावा मोठा. म्हणजे सरकार धुराला पोसतंय. तोच पैसा हळूहळू इंजिनाकडे वळवा, जुनं मोडल्याचा पुरावा घ्या, आणि कमी डिझेलमध्ये जाळी ओढता आली की मालकाची परताव्यावरची भिस्तही कमी होईल.

आणि आपण कोल्हापूरकरांनी तरी हे बोलू नये. सौर कृषी पंप बसवायला बहुतेक शेतकरी १० टक्के भरतात, उरलेले ९० सरकारचे. माझ्या चुलतभावाच्या रानात तो पंप आहे, मला त्याचा आनंद आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्रानं मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. मग उसाच्या रानातला पंप बदलला की सुधारणा आणि बोटीतलं इंजिन बदललं की फुकटेपणा, हा हिशोब कुठला?

इथलं जसंच्या तसं उचला असं मी म्हणत नाही. डेराला बोट वर्षाला १,००० तास चालावी लागते, लहान क्रॅबवाल्याचे तेवढे भरत नाहीत. २०२३ पासून सलग तीन वर्षं इथं सॅमन माशाची व्यावसायिक मासेमारी बंद राहिली. ज्याचा हंगामच गेला त्यानं ६० टक्के कुठून आणायचे? आपल्याकडे मालकाचा वाटा याहून बराच कमी लागेल, आणि पैसे काम झाल्यावर नव्हे, आधी लागतील.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, ‘तिकडं बसून सांगायला तुझं काय जातंय? टॅक्स आम्ही भरतोय.’ ते लागलं. पिलर पॉइंटवर मी शनिवारचा गिऱ्हाईक आहे, तिथल्या बोटवाल्यांच्या सभेत मला कुणी बोलावणार नाही. कोल्हापुरात मी अमेरिकावाला. पण डिझेल इंजिनाबद्दल मला जे कळतं ते इथल्या डिग्रीनं दिलेलं नाही. गगनबावड्याहून आलेला टेम्पो शेडसमोर थांबला की त्यातलं इंजिन कसलं आहे हे वडील सांगायचे आणि मी ऐकायचो. त्या विषयावर बोलायचा हक्क मी विमानतळावर ठेवून आलेलो नाही.

अंगठा देणाऱ्यांत एकाची शिरोलीला फाउंड्री आहे. इंजिनाचे ब्लॉक आणि हेड ओततो. किनाऱ्यावरची जुनी इंजिनं खरंच बदलायला काढली तर ते काम कुणाच्या भट्टीवर यायला हवं? ही मागणी मच्छीमारांच्या आधी त्यानंच करायला हवी होती, आणि ते मी त्याला ग्रुपवर नाही, फोन करून सांगितलं. ‘बघू,’ म्हणाला. पुढच्या रविवारी मी परत फोन करणार आहे.