कोंबडीला घाम येत नाही, म्हणून उकडत नाही?

माझा मावसभाऊ अंड्यांवरच्या कोंबड्यांची शेड उभी करतोय. परवा त्याने एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, 'पंखे रद्द करतोय.' मेसेजात ठणकावून सांगितलंय: कोंबडीला घाम येत नाही, म्हणजे उकाड्याचा त्रास नाही, अंडी देते म्हणजे ती सुखात आहे, पिंजऱ्यात तिला हवी तेवढी जागा मिळते, चोच छाटणं म्हणजे नखं कापणं, आणि मोकळ्या कोंबड्या एकमेकींना टोचून मारतात. हा मेसेज मी याआधी तीनदा वाचून सोडून दिला होता. आता घरातलाच माणूस त्यावर शेड बांधतोय.

घामाचं आधी, कारण त्यात पक्षी मरतात. घाम न येणं ही कोंबडीची अडचण आहे, सोय नव्हे. तिच्या अंगाचं तापमान मुळातच 41 अंशांच्या आसपास, वर पिसांचं पांघरूण. उष्णता बाहेर टाकायला मुख्यतः तुरा, चोचीखालची लाल कातडी आणि उघडे पाय. ते पुरेनासं झालं की ती पंख अंगापासून सुटे धरते, चोच वासते आणि धापा टाकते. गळ्याची कातडी लपलप हलताना दिसते. श्वासावाटे वाफ जाते, तसा कार्बन डायऑक्साइडही भराभर जातो. रक्त अल्कधर्मी होतं, कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. त्यात उकाड्याने खाणं घटतं, म्हणजे कॅल्शियमही घटतं. उचलताना बोटाखाली दबणारं पातळ कवचाचं अंडं येतं ते असं. हवा दमट असेल तर धापांनीही भागत नाही, वाफ होणारच किती? म्हणून कोंदट शेडमध्ये नुसते फवारे मारणं धोक्याचं; आधी हवा खेळती हवी. आणि गच्च भरलेल्या पिंजऱ्यात पंख सुटे धरणार कुठे? शेजारणींच्या अंगाची उष्णता आणखी वर.

जागेचं तर कुणीतरी मोजूनच ठेवलंय. डॉकिन्स आणि हार्डी या संशोधकांनी 1989 साली कोंबडीला कशासाठी किती जागा लागते ते मोजलं: नुसतं उभं राहायला सरासरी 475 चौरस सेंटिमीटर, पंख ताणायला 893, वळायला 1272, पंख फडफडवायला 1876. युरोपीय संघाने 2012 पासून बंद केलेल्या साध्या पिंजऱ्यात पक्ष्यामागे किमान 550 देण्याचा नियम होता. म्हणजे उभं राहा, बस. तशा पिंजऱ्याच्या तळाच्या उघड्या जाळीवरही कोंबडी खाद्याच्या पन्हळीशी बसून धुळीत लोळण्याच्या सगळ्या हालचाली करते. खाली धूळ नसतेच.

अंडं हा सुखाचा पुरावा नव्हे. रोज 14 ते 16 तास उजेड आणि वर्षाला 300 अंड्यांसाठी निवडून वाढवलेली जात, ती अंडी देणारच. कवचासाठी स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियमही काढते. छातीचं हाड मोडलेली कोंबडीसुद्धा अंडी देत राहते. चोचीचं एवढंच सांगतो: तिच्या टोकाशी मज्जातंतू दाटलेले असतात, नखात नसतात.

टोचण्याचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, मान्य करावाच लागेल. मोकळ्या शेडमध्ये पिसं उपटणं, एकमेकींना मारणं, दांडीवरून पडून हाडं मोडणं, विष्ठेतून जंत, हे सगळं होतं. पण उकरायला काही नसलं की चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. पिल्लं लहान असल्यापासून खाली कोरडा भुसा द्या, टोचणं बरंच आटोक्यात राहतं.

भावाला कळवलंय: पंखे परत धर, आणि पक्षी आले की भर दुपारी आत उभा राहून उघड्या चोची मोज.