पेडल बसलं म्हणजे प्लेट गेली? आधी गाडीखाली वाकून बघा

पाऊस सुरू झाला की आमच्या पिकअपवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदाही आला. थोडक्यात त्यात असं आहे: क्लच पेडल खाली बसलं आणि गिअर कुरकुरला की समजा क्लचप्लेट संपली, पूर्ण सेट बदला. क्लचच्या डबीतलं ऑइल कमी होत नसेल तर क्लचच्या सिलेंडरकडे बघायची गरज नाही. पेडल दोन-तीनदा मारून गिअर पडत असेल तर सीझन काढून घ्या. ब्रेक ऑइल हाताशी नसेल तर इंजिन ऑइल टाका, ‘ऑइल ते ऑइलच’. आणि पेडल सैल वाटलं तर पुशरॉड, म्हणजे पेडलपासून वरच्या सिलेंडरात जाणारा दांडा, लांब करून सगळी ढिलाई काढून टाका.

पाचही सल्ले चुकीचे आहेत. पहिला तर माझ्या खिशाला लागलाय, म्हणून आधी त्याचंच बोलतो.

प्लेट झिजते तेव्हा क्लच घसरतो. म्हणजे चढाला इंजिन बोंबलतं, पण गाडी ओढत नाही. करपल्याचा वास येतो. तिथे गिअर मात्र लोण्यात सुरी जावी तसे पडतात. मेसेजमधलं लक्षण याच्या बरोबर उलटं आहे. गिअर कुरकुरतो, कारण क्लच सुटतच नाही, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही. खात्री करायची तर इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनवर पडतात, चालू इंजिनवर रिव्हर्स करकरतो? मग पेडल पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाहीये. आणखी एक गंमत सांगतो. हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडल दाबलं की वरचा सिलेंडर ब्रेक ऑइल नळीतून खालच्या सिलेंडरात ढकलतो आणि त्याचा पिस्टन दांड्याने क्लच सोडवतो. यात प्लेट झिजत जाते तसा खालच्या सिलेंडरचा पिस्टन मागे ढकलला जातो आणि डबीतलं ऑइल उलट किंचित वर चढतं. झिजलेल्या प्लेटने पेडल ढिलं पडत नाही ते यामुळेच.

माझ्या गाडीचं हेच झालं होतं. टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज उतरताना तिसऱ्यावरून दुसरा पडेना. गॅरेजमध्ये कोणी खाली वाकून बघितलंसुद्धा नाही. गिअरबॉक्स उतरवला, नवा सेट टाकला. तिसऱ्या दिवशी पेडल पुन्हा जमिनीला. गेलेला होता खालचा सिलेंडर. जुनी प्लेट शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवलीय, तिचं लायनिंग अजून रिबिटांच्या बरंच वर आहे.

तेव्हा गिअरबॉक्सला पाना लावण्याआधी पाच मिनिटं द्या. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने गिअरबॉक्सच्या बाजूला खालच्या सिलेंडरचा दांडा बघायचा. दांडा थोडाच सरकला, तर एअर आहे, गळती आहे किंवा रबरी होज फुगतोय; पेडल दाबताना होज मुठीत धरा, फुगत असेल तर हाताला कळतं. दांडा नीट बाहेर आला पण पेडल दाबून धरलेलं असतानाही हळूहळू मागे गेला, तर सिलेंडरातलं एखादं सीलचं रबर ऑइल सोडतंय. आणि दांडा पूर्ण सरकून जागेवर थांबतोय, तरी गिअर कुरकुरतोय? मग खरंच आत काहीतरी आहे: क्लच सोडवणाऱ्या फोर्कला तडा, प्रेशर प्लेटची बोटं मोडलेली, नाहीतर उभ्या गाडीत गंजून चिकटलेली प्लेट. तेव्हा खुशाल गिअरबॉक्स उतरवा. काही गाड्यांत खालचा सिलेंडर गिअरबॉक्सच्या आत शाफ्टभोवतीच बसवलेला असतो. तिथे दांडा दिसणार नाही, वरची बाजू आधी तपासावी लागते.

आता ‘ऑइल कमी होत नाही म्हणजे सिलेंडर चांगला’. वरच्या सिलेंडरचं आतलं रबर गेलं की ऑइल बाहेर पडतच नाही. ते रबराला वळसा घालून पुन्हा डबीत येतं. पातळी तीच, पेडल मात्र पायाखाली बुडत जातं. सिग्नलला पहिला टाकून पेडल दाबून थांबलात आणि गाडी आपोआप पुढे सरकायला लागली, तर हा चोर सापडला समजा. बाहेरची हळू गळतीही नुसती डबी बघून पटकन कळत नाही. पेडलच्या वर, केबिनच्या भिंतीत जिथे पुशरॉड शिरतो तिथे बोट फिरवा. मॅट उचलून बघा. खालच्या सिलेंडरचं रबरी टोपण मागे सारा, आत ओलं असेल तर रबर गेलं. नव्या रबरांचं किट टाकायला हरकत नाही, पण आधी सिलेंडरच्या आत नख फिरवा. खड्डे लागले तर नवं रबर थोड्याच दिवसांत फाटेल, सिलेंडरच बदला. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकची डबी एकच असते आणि क्लचची नळी वरच्या बाजूने निघते. क्लच गळला की ऑइल त्या नळीपर्यंत उतरून थांबतं. ‘ब्रेक तर लागतायत’ म्हणून निर्धास्त राहणारे इथेच फसतात.

पंप करून सीझन काढणं. पंप केल्यावर पेडल वर येतं म्हणजे लाइनमध्ये हवा आहे, किंवा रबर जेमतेम तग धरून आहे. सपाट रस्त्यावर चालेलही. घाट उतरताना खालचा गिअर पडला नाही तर सगळा भार ब्रेकवर येतो, आणि मागे दीड टन कांदा असतो. यावर जास्त बोलायला नको.

इंजिन ऑइलचा सल्ला ज्याने लिहिला त्याने तो स्वतःच्या गाडीवर करून बघितला नसावा. या सिलेंडरांतली रबरं ब्रेक ऑइलसाठी बनवलेली असतात. खनिज तेल लागलं की ती फुगून मऊ पडतात. डबी एकच असेल तर ब्रेकची रबरंही गेली. मग धुऊन भागत नाही, प्रत्येक रबर आणि होज बदलावा लागतो. डबीच्या झाकणावर ब्रेक ऑइलचा प्रकार, डॉट ३ की डॉट ४, ते छापलेलं असतं, तेच टाका. तेही सीलबंद डब्यातलं, कारण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. ताजं डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे. ओलावा प्यालेल्याला ही हद्द १४० वर येते. गेल्या पावसाळ्यापासून टपरीत उघडा पडलेला डबा फुकट मिळाला तरी नको. आणि बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं.

पुशरॉडची ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते. पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे जाऊन डबीचं बारीक भोक उघडलं पाहिजे. पुशरॉड लांब करून बसवला की ते भोक बंदच राहतं, गरम झालेलं ऑइल फुगतं आणि त्याला परत जायला वाट उरत नाही. पेडलला पाय न लावता क्लच अर्धवट दाबलेला राहतो. चांगली प्लेट अशाने खरोखर जळते.

माझं काम शेवटी नवा खालचा सिलेंडर आणि एअर काढण्यावर भागलं. पारदर्शक नळीचं एक टोक खालच्या सिलेंडरच्या एअर काढायच्या निपलला, दुसरं थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. पोरगा पेडलवर. ‘दाब. धर.’ मग मी निपल उघडायचा, बंद करायचा, आणि त्यानंतरच ‘सोड’. निपल उघडा असताना पेडल सुटलं की तीच हवा परत आत. मध्ये मध्ये डबी भरायची. ती एकदा रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात. आधी चहासारखं काळं ऑइल आलं, मग बुडबुडे, मग बुडबुडे बारीक होत थांबले. वरून पोरगा ओरडला, ‘पप्पा, आता जड लागतंय.’